तुळई : आडव्या लाकडाची कुळकथा

दोन खांब रोवले म्हणजे घर होत नाही. त्या दोन खांबांच्या माथ्यावर एक आडवे लाकूड बसले, की मग मात्र वरच्या ओझ्याला जमिनीपर्यंत जायला वाट मिळते आणि माणसाला त्याखालून मान ताठ ठेवून चालता येते. या आडव्या लाकडाला मराठीत तुळई म्हणतात. काही ठिकाणी तुळवट. सुतारकामातला हा सर्वांत जाड, सर्वांत महाग आणि बोलण्यात सर्वांत कमी येणारा तुकडा. कोरीव खांबाकडे पाहुण्यांचे लक्ष जाते, दरवाजाच्या चौकटीला हळदकुंकू लागते, उंबरठ्याला मान मिळतो. तुळईकडे वर बघतो तो एकटा सुतार, आणि तोही ती वाकली तर.

आडव्या-तिरप्या लाकडांच्या नावांत हल्ली फार गल्लत होते, म्हणून आधी ती निस्तरू. कौलारू दुपाखी घरात छपराच्या मधोमध, सर्वांत उंचावर जे लांब लाकूड धावते ते आढे. आढ्यापासून दोन्ही पाखांवर उताराने खाली येतात ते वासे. वाशांवर आडव्या ठोकायच्या त्या रिपा, रिपांवर कौले, आणि पाखे जिथे संपते ती वळचण. देशावरच्या माळवदाच्या घराला पाखे नसतात. तिथे तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट किंवा काटक्या आणि त्यावर मातीचा जाड थर. वाड्यांमध्ये हेच काम देखणे झाले आणि त्याला कडीपाट म्हणू लागले. या सगळ्या थरांत तुळईची खूण एकच: ती दोन आधारांवर आडवी टेकते आणि बाकीची लाकडे तिच्यावर टेकतात. वासा भार पुढे ढकलतो, कडी तो गोळा करते, आणि तुळई तो दोन्हीकडच्या खांबांना वाटून देते.

म्हणींमध्ये मात्र वासे आणि आढे भाव खाऊन गेले. घर फिरले की वासे फिरतात, वळचणीचे पाणी आढ्याला जाते. तुळईवर असले बालंट कोणी आणले नाही. एका ठिकाणी ती शिरायची, पण भाषांतराने बाहेर काढली. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ आणि आपल्या डोळ्यातले मुसळ हा दृष्टान्त बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातही आहे. मूळ ग्रीक मजकुरात मुसळाच्या जागी ‘डोकोस’ हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ छताला घालतात ती तुळई. सुताराच्या घरात वाढलेल्या माणसाने दिलेला तो दाखला होता. मराठी बायबलात तुळईचे मुसळ झाले. कुसळाशी यमक जुळले, ठसका वाढला, पण अतिशयोक्ती बरीच आटली. डोळ्यात मुसळ जाणे आणि डोळ्यात घराची तुळई जाणे यांत फरक आहेच.

आता शब्दाकडे. तुळई ही संस्कृत ‘तुला’ची लेक. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला ‘ल’ मराठीत ‘ळ’ होतो. फलाचे फळ, कालाचा काळ, तलाचा तळ. तसे तुलेचे तूळ आणि तुळई. राशींमधली तूळ आणि माथ्यावरची तुळई सख्ख्या बहिणी आहेत. तोल, तोलणे, समतोल, तुलना, आणि सोनाराकडचा तोळा हे सगळे त्याच घराण्यातले. शेजारच्या भाषांतही हा शब्द घरबांधणीत मुरलेला दिसतो. कन्नडमध्ये तुळईला तोले म्हणतात, आणि केरळातले सुतार घराच्या आडव्या लाकडाला तुलाम् म्हणतात. मलयाळम पंचांगात तोच शब्द महिन्याचे नावही आहे.

तुला म्हणजे तराजू हा अर्थ फार जुना. वाजसनेयी संहितेत पुरुषमेधाच्या प्रसंगी कोणासाठी कोण, अशी एक लांबलचक यादी येते आणि तिच्यात तुलेसाठी वाण्याचे नाव आहे. म्हणजे वैदिक काळातच वाणी आणि तराजू यांची जोडी लोकांच्या डोक्यात पक्की झालेली होती. अमरकोशात तुला हे वजनाचे मापही आहे: शंभर पलांची एक तुला आणि वीस तुलांचा एक भार. मग तराजूचे नाव घराच्या लाकडाला कसे चिकटले? सोपे उत्तर असे, की तराजूची दांडी आडवी असते आणि घरातले हे लाकूडही आडवे असते, म्हणून सारखेपणावरून नाव आले. हे उत्तर चुकीचे नाही, तोकडे आहे. आडव्या वस्तू पुष्कळ असतात. वेशीला लावायचा अडसरही आडवा आणि दारामागची कडीही आडवीच. त्यांना कोणी तुला म्हटले नाही.

धातूपर्यंत खाली उतरले की चित्र बदलते. ‘तुल्’ धातूच्या पोटात मोजण्याआधी उचलण्याचा अर्थ आहे: भार उचलणे, पेलणे, सोसणे. हे मूळ संस्कृतापुरते नाही. ग्रीकमध्ये ‘तालान्तोन’ म्हणजे तराजू आणि वजन. पुढे त्या वजनाच्या चांदीला तेच नाव पडले आणि बायबलातल्या एका दाखल्यातून त्याचे आजचे ‘टॅलेंट’ झाले. खांद्यावर आभाळ पेलणारा ॲटलास हाही भाषाशास्त्रज्ञांच्या मते त्याच मुळाचा. लॅटिनमध्ये ‘तोल्लो’ म्हणजे मी उचलतो, आणि ‘तोलेरारे’ म्हणजे सोसणे. इंग्रजीतला टॉलरन्स तिथून आला. हे सगळे गोतावळ्यातले शब्द शेजारी ठेवले, की मला तरी वाटते, तराजू मूळ आणि तुळई ही त्याची नक्कल असे मानायची गरज उरत नाही. तुला म्हणजे पेलणारी. दुकानात तिने धान्य पेलले, घरात तिने छप्पर पेलले. दोन्हीकडे तिचे काम एक, म्हणून नाव एक.

या म्हणण्याला वस्तूंचाही आधार मिळतो. आपल्या मनातला तराजू किराणा दुकानातला किंवा सोनाराचा असतो, हातभर लांबीचा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांचे एक आख्खे प्रकरण आहे. त्यात सहा अंगुळांपासून वाढत जाणाऱ्या दहा तुला सांगितल्या आहेत आणि शेवटी एक लाकडी तुला येते, काष्ठतुला. तिची लांबी आठ हात. हात म्हणजे साधारण दीड फूट धरला तर ही दांडी बारा फुटांची होते. तिच्यावर खुणा कोरलेल्या, आणि ती ‘मयूरपदा’वर, म्हणजे मोराच्या पायासारख्या आधारावर उभी. बारा फुटी लाकूड आधारावर आडवे ठेवलेले. एखाद्या मध्यम घराची तुळई यापेक्षा फार वेगळी नसते. ज्या सुताराने राजाच्या कोठारासाठी ही काष्ठतुला घडवली, त्याने तसल्याच ओंडक्यातून घराचीही तुला घडवली असणार, त्याच वाकसाने.

दुसरा पुरावा हंपीला उभा आहे. विठ्ठल मंदिराच्या नैऋत्येला, नदीकडे जाणाऱ्या वाटेवर, दोन उंच दगडी खांब आणि त्यांच्या माथ्यावर एक आडवी शिळा अशी चौकट दिसते. उंची सुमारे पंधरा फूट. आडव्या शिळेच्या खालच्या अंगाला दगडातच कोरलेल्या तीन कड्या आहेत. विजयनगरचे राजे ग्रहणासारख्या पर्वणीला इथे सोन्याने, रत्नांनी आपली तुला करवून घेत, असे सांगतात. तिला ‘राजाची तुला’च म्हणतात. तुलापुरुषदानाचा विधी मत्स्यपुराणात सविस्तर आहे. महाराष्ट्रालाही तो अनोळखी नाही. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांची सुवर्णतुला झाली, आणि इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तेव्हा गडावर होता. भीमा-इंद्रायणीच्या संगमावरचे तुळापूर हे नावही तिथे झालेल्या तुलादानावरून पडले. आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने ते केले आणि त्या वेळी हत्तीचे वजन नावेत बसवून काढले, अशी कथा त्या गावाशी जोडलेली आहे.

पण हंपीच्या चौकटीकडे भाविकपणा बाजूला ठेवून, सुताराच्या नजरेने पाहावे. दोन खांब आणि माथ्यावर एक तुळई. खाली तराजू लटकत नसेल तेव्हा ही चौकट घराच्या सांगाड्यातून उचलून आणलेली वाटते. लटकत असेल तेव्हा तिच्यात दोन तुला असतात: वरची दगडी, दोन टोकांवर टेकलेली आणि मध्ये ओझे घेणारी, खालची तराजूची, मध्ये अडकवलेली आणि दोन टोकांना ओझे घेणारी. एकीचा आधार जिथे, तिथे दुसरीचे ओझे. तराजूची दांडी म्हणजे उलटी केलेली तुळई. ही गोष्ट ध्यानात असू द्यावी, पुढे सळयांपाशी ती कामाला येईल.

घराच्या लाकडाला तुला म्हणण्याचा जुना आणि ठळक दाखला वराहमिहिराचा. सहाव्या शतकातल्या या ज्योतिष्याने बृहत्संहितेत पाऊस, रत्ने, हत्तीघोडे, अत्तरे अशा कितीतरी विषयांबरोबर वास्तुविद्येवरही एक अध्याय लिहिला. त्यात खांबांचे प्रकार येतात: चौकोनी तो रुचक, आठ कोनांचा वज्र, सोळांचा द्विवज्र, बत्तीसांचा प्रलीनक आणि गोल तो वृत्त. खांबांपाठोपाठ आडवी लाकडे. सर्वांत खालची भारतुला, तिच्यावर तुला, तिच्यावर उपतुला. माप असे, की भारतुलेची जाडी खांबाएवढी असावी आणि वर जाताना प्रत्येक पायरीला पाव हिस्सा कमी होत जावी. खांब बारा अंगुळे जाड असेल तर भारतुला बारा, तुला नऊ, उपतुला त्याहून बारीक. ज्योतिष्याच्या ग्रंथात हे आले म्हणून त्याकडे शकुनाच्या नजरेने बघायचे कारण नाही. नियम रोकडा आहे. सर्वांत खालच्या लाकडावर वरच्या सगळ्यांचा भार येतो, म्हणून ते जाड. वरचे आपापल्या वाट्याचेच उचलते, म्हणून बारीक. वाड्यातल्या तुळई, कडी, पाट या उतरंडीत हाच हिशेब चालतो.

वाड्याचा सांगाडा जुळवायची रीतही सांगण्यासारखी आहे. जोत्यावर आधी दगडी तळखडा बसतो, म्हणजे खांबाचे बूड ओलीपासून आणि वाळवीपासून दूर राहते. तळखड्यावर सागवानी खांब. खांबाच्या माथ्यावर कुसू काढलेले असते आणि ते वरच्या लाकडाच्या पोटातल्या खाचेत शिरते. खिळ्यावर भिस्त नसते. जिथे बांधून ठेवायचे तिथे लाकडी मेख. खांब आणि तुळई यांच्या मध्ये दोन्ही बाजूंना पसरलेले हस्त येतात, बहुधा केळफुलासारखे कोरलेले. पेशवाई वाड्यांतले सुरूदार खांब आणि हे हस्त पाहून लोक नक्षीचे कौतुक करतात. ते करावेच, पण हस्त नक्षीसाठी आलेले नाहीत. दोन खांबांतल्या अंतरातून ते दोन्हीकडून थोडे थोडे अंतर खाऊन टाकतात आणि तुळईला तेवढी कमी उडी मारावी लागते. सुताराने आधी काम उरकले आणि मग उरलेल्या लाकडावर हौस केली.

दोन खांबांतले, दोन तुळयांतले हे अंतर म्हणजे खण. जुन्या घरांचा आकार चौरस फुटांत सांगत नसत, खणांत सांगत. पाच खणी घर, दोन खणांची ओसरी, सात खणी सोपा. सागवानाचा ओंडका किती लांब मिळतो, बैलगाडीने किती लांब आणता येतो आणि किती अंतरावर तो वाकत नाही, या तीन गोष्टी खणाचे माप ठरवीत. म्हणजे घर किती मोठे हे सांगताना लोक नकळत तुळयाच मोजत होते.

पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला आणि दोन वर्षांनी, २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. आज आत गेले की जोती दिसतात, कारंजी दिसतात, तटबंदी दिसते. मजले दिसत नाहीत. फेब्रुवारी १८२८ मध्ये लागलेली आग काही दिवस धुमसत राहिली. खांब, तुळया, कडीपाट, तक्तपोशी हे सगळे लाकडाचे होते आणि ते सगळे गेले. दिल्ली दरवाजावरचा नगारखाना तेवढा वाचला. वर चढून तिथल्या लाकडी सांगाड्याखाली उभे राहिले तर हरवलेल्या मजल्यांच्या बांधणीचा अदमास येतो. अप्पा बळवंत चौकाजवळचा बुधवार वाडा १८७९ च्या आगीत असाच संपला. सदाशिव पेठेतल्या विश्रामबागवाड्यालाही त्याच साली आगीची झळ लागली, पण रस्त्यावरून दिसणारी त्याची सुरूदार खांबांची रांग अजून उभी आहे.

तुळई मोडते कशी, हे समजायला माणसाला फार वेळ लागला. अदमास सगळ्यांना होता, हिशेब कोणालाच नव्हता. गॅलिलिओने तो पहिल्यांदा नीट मांडायचा प्रयत्न केला, १६३८ मध्ये लायडनला छापलेल्या आपल्या शेवटच्या मोठ्या पुस्तकात. तेव्हा तो स्वतःच्या घरात नजरकैदेत होता. त्या पुस्तकात एक प्रसिद्ध चित्र आहे: पडक्या भिंतीतून बाहेर आलेली एक तुळई आणि तिच्या टोकाला आकड्याने टांगलेले वजन. त्याने ओळखले, की फळी आडवी निजवली तर कमकुवत आणि काठावर उभी केली तर बळकट, आणि हा फरक किती असेल तेही सांगता येते. रुंदी दुप्पट केली तर ताकद दुप्पट होते. उंची दुप्पट केली तर चौपट. बारा इंच रुंद आणि तीन इंच जाड फळी काठावर उभी केली, तर निजवलेल्या स्थितीपेक्षा चौपट भार घेते, आणि वाकते तर सोळापट कमी. लाकूड तेच, पैसे तेवढेच.

प्रमाण त्याचे बरोबर होते. ताण कुठे असतो याचा अंदाज चुकला. भिंतीपाशी तुळईचा आख्खा छेद ओढला जातो, असे त्याने धरले. खरे तर ओझ्याखाली वाकलेल्या घराच्या तुळईचा वरचा थर दाबला जातो, खालचा थर ताणला जातो, आणि मधोमध एक थर असा असतो की ज्याला ना दाब ना ताण. हे नीट मांडायचे श्रेय फ्रान्सच्या आंत्वान पारां याला जाते, १७१३ च्या सुमारास. त्यानेच आणखी एक उपयोगाचा प्रश्न सोडवला. गोल ओंडक्यातून सर्वांत बळकट तुळई कापायची असेल तर तिची रुंदी आणि उंची किती ठेवावी? उत्तर आले: साधारण पाचास सात. बारा इंच व्यासाच्या ओंडक्यातून चौरस तुळई काढली तर ती साडेआठ इंची होते. त्याऐवजी सात इंच रुंद आणि पावणेदहा इंच उंच काढली, तर लाकूड सहा टक्क्यांनी कमी लागते आणि ताकद नऊ टक्क्यांच्या आसपास वाढते. चीनमध्ये ११०३ सालच्या ‘यिंगझाओ फाशी’ या राजमान्य बांधकाम-ग्रंथात लाकडाचा छेद तीनास दोन ठेवायला सांगितला आहे. गणिताआधी सहाशे वर्षे तिथले सुतार त्या उत्तराच्या फार जवळ पोचले होते.

लांबीचा हिशेब मात्र निर्दय. फुटामागे ओझे तेच ठेवून खांबांतले अंतर दुप्पट केले, तर तुळईवरचा मोडू पाहणारा जोर चौपट होतो आणि बाक सोळापट. मोठ्या दिवाणखान्यात मधला एखादा खांब काढून टाकावा असे मालकाला वाटते तेव्हा सुतार मान का हलवतो, त्याचे कारण हे. आणि लाकूड लगेच मोडत नाही, वर्षानुवर्षे हळूहळू वाकत जाते. पन्नास वर्षे ओझे अंगावर घेतलेली तुळई ओझे उतरवले तरी पुरती सरळ होत नाही. मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या जिन्यांखाली उभे केलेले टेकू अशाच वाकलेल्या आणि भिंतीत शिरलेली टोके कुजलेल्या तुळयांसाठी असतात. तुळई मध्ये मोडण्याआधी बहुधा टोकाला कुजते, कारण भिंतीतली ओल तिथेच मुरते.

दगडाची गोष्ट वेगळी. दगड दाब कितीही सोसतो, ताण सोसत नाही. तुळईचा खालचा थर तर ताणातच असतो. म्हणून दगडी तुळई आखूड ठेवावी लागते, म्हणून खांब जवळ जवळ येतात, आणि म्हणून जुन्या देवळांचे मंडप खांबांनी गच्च भरलेले असतात. १०६० सालच्या अंबरनाथच्या शिवमंदिरात उभे राहिले की हे दिसते. दगडात काम करणाऱ्यांनी लाकडाची रीत सोडली नाही, लाकडाची लांबी तेवढी सोडली. त्याहून मजेशीर प्रकार कार्ल्याच्या चैत्यगृहात आहे. डोंगर कोरून काढलेल्या त्या लेण्याच्या छताला लाकडाच्या कमानदार फासळ्या बसवलेल्या आहेत, दोन हजार वर्षांच्या जुन्या. त्या कशाचाही भार घेत नाहीत. वर तर आख्खा डोंगर आहे. पण छत म्हटले की लाकूड दिसलेच पाहिजे, ही सवय एवढी खोल होती. लेण्यातल्या एका शिलालेखात दर्शनी भागाचे काम करणाऱ्याचे नाव आणि धंदाही नोंदलेला आहे: धेनुकाकटचा सामी, वेणुवासाचा मुलगा, वढकी. वढकी म्हणजे सुतार. हिंदीतला बढई तोच. डोंगरात घर कोरायला सुतार बोलावला होता, हे मला फार बोलके वाटते.

दगडाने अंतर ओलांडायचे तर दुसरी युक्ती हवी, आणि ती म्हणजे कमान. कमानीत सगळे दगड एकमेकांना दाबतात, ताणायला कोणी उरत नाही. कमान हा शब्द फारसी, अर्थ धनुष्य. गंमत अशी, की फारसीत ‘तीर’ या शब्दाचा एक अर्थ बाण आणि दुसरा अर्थ घराची तुळई. छताच्या मुख्य लाकडाला ‘शाहतीर’ म्हणतात, आणि हिंदी-उर्दूत शहतीर अजून चालतो. म्हणजे इराणी गवंड्याच्या घरात भार पेलणारे दोघे: एक धनुष्य, एक बाण. आपण त्यातले धनुष्य घेतले आणि बाण परत केला, कारण त्या जागी तुळई आधीच बसलेली होती.

इंग्रजी बीमने मात्र तिला हलवले. बीमची कुंडली साधी आहे: जुन्या इंग्रजीत तो शब्द झाडासाठी होता, आणि त्याचा जर्मन भाऊ ‘बाउम’ आजही झाडच आहे. तराजूच्या दांडीलाही इंग्रजीत बीमच म्हणतात. आपल्याकडे हा शब्द आला तो लोखंडाबरोबर. १८६० च्या दशकात मुंबईत काळा घोड्याजवळ वॉटसन्स हॉटेल उभे राहिले, त्याचा बिडाचा सांगाडा इंग्लंडहून बोटीने आणून इथे जोडला. पुढे पोलादी गर्डर सर्रास मिळू लागले आणि पुण्या-मुंबईच्या घरांत दोन गर्डरांच्या मध्ये विटांच्या बुटक्या कमानी घालून मजले होऊ लागले. गर्डरचा छेद इंग्रजी ‘आय’सारखा असतो, कारण पारांच्या हिशेबाने मधल्या थराला फारसे काम नसते, माल वर आणि खाली ठेवायचा, मध्ये जेमतेम.

काँक्रीटने हाच हिशेब आणखी उघडा केला. काँक्रीट हा एका अर्थी ओतलेला दगड. दाबाला पक्का, ताणाला कच्चा. फ्रान्समध्ये फ्रांस्वा एनबीकने १८९२ मध्ये सळया घातलेल्या काँक्रीट-तुळईचे पेटंट घेतले, आणि तेव्हापासून रीत पडली की जिथे ताण तिथे पोलाद. घरातल्या साध्या बीममध्ये ताण खालच्या अंगाला, म्हणून मुख्य सळया खाली. सेंटरिंगच्या पेटीत डोकावले तर जाड सळया तळाशी ओळीने बसलेल्या दिसतात, वरच्या बारीक. ‘बीमच्या पोटात लोखंड’ हे अगदी खरे वर्णन आहे.

बाल्कनीत मात्र हे उलटे होते. बाल्कनी हा शब्द इटालियन, आणि त्याच्या मुळाशी जुन्या जर्मन बोलीतला ‘बाल्को’, म्हणजे तुळई. भिंतीबाहेर काढलेल्या तुळयांच्या टोकांवर जी बसते ती बाल्कनी. तिला बाहेरच्या टोकाला आधार नसतो. गॅलिलिओच्या चित्रातल्या तुळईसारखी ती भिंतीतून बाहेर येते, किंवा तराजूच्या दांडीचा एक हात म्हणा. ओझे टोकाला, आधार मुळाशी. त्यामुळे वाकताना तिचे पोट दाबले जाते आणि पाठ ताणली जाते, आणि सळया वरच्या अंगाला लागतात. इथेच अनेक बांधकामांचा घात होतो. स्लॅब ओतायच्या दिवशी घमेली घेऊन चालणाऱ्यांच्या पायाखाली वरच्या सळया दबतात आणि तळाला जाऊन बसतात. काँक्रीट पडल्यावर कोणाला काही दिसत नाही. म्हणून जाणता मिस्त्री त्या सळयांखाली वाकवलेल्या लोखंडाच्या चेअर ठेवतो, वरून चालायला फळ्या टाकतो, आणि काँक्रीट ओतण्याआधी वाकून हाताने पाहतो, की बाल्कनीचे लोखंड अजून वरच आहे ना.